मला तिन्ही करायचंय

बोळिंजच्या एका सोसायटीत मी सहा घरी पोळ्या करते. मनवेलपाड्यातल्या आमच्या चाळीतून तिथे रोज सायकलने जाते. मधला उड्डाणपूल चढताना सुरुवातीला मी उतरून सायकल ढकलायचे. पुढे कधी उतरायची थांबले, ते माझं मलाही कळलं नाही.

चौथ्या घरच्या मॅडम बँकेत आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ट्रायथलॉनची तयारी सुरू केली. म्हणजे आधी पोहायचं, मग लगेच सायकल, मग लगेच धावायचं. मध्ये बसायचं नाही. मी कणीक मळत असताना त्या ओट्याला टेकून हे सगळं सांगायच्या. एकदा त्या तरणतलावावरून डोळे पुसतच आल्या. खोल पाण्यात त्यांचे हातपाय आखडले होते.

"ताई, पाय खाली टेकत नाहीत ना, तेव्हा काय होतं ते तुम्हाला नाही कळायचं."

मी लाटत राहिले. दोन पोळ्या झाल्यावर म्हटलं, "मला येतं पोहायला."

"तुम्हाला? कुठे शिकलात?"

"खाडीत."

माझं माहेर मिठागरांच्या गावातलं. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती. मुलगे होडीतून जायचे, मुलींना कोणी पाठवायचं नाही. माझी शाळा तिथेच संपली, पण खाडी सुटली नाही. आई मिठागरावरून ओरडायची, "पान्याशी भांडू नको गं! नेतंय तसं थोडं जा, मंग वळ." पोहणं मी एवढंच शिकले.

पुढच्या रविवारी मॅडम मला तलावावर घेऊन गेल्या. घोट्यापर्यंतचा पोहायचा पोशाख त्यांनीच दिला. तो घालून चारचौघांत येणं मला पोहण्यापेक्षा अवघड गेलं. मी वर पंजाबी ड्रेस चढवला, काठापर्यंत तसाच नेला आणि कोणी बघत नाही असं पाहून काढला. पाण्यात उतरल्यावर मात्र लाज कुठे गेली कोण जाणे. तिथे शिकवणारे सर म्हणाले, डोकं खाली घाला. माझं डोकं कायम वर, भरती-ओहोटी बघायची सवय. ते खाली जायला तीन महिने लागले.

मग मी धावायलाही लागले. पहाटे चाळ उठायच्या आत रस्त्याच्या कडेने. कुत्री मागे लागायची, तेव्हा वेग चांगला यायचा. सासूबाई पहिल्या दिवशी दारातच उभ्या होत्या. "काय गं, कोण मागे लागलंय?" आमचे हे चहा ओतत म्हणाले, "चोर पळताना बघितलाय, पोळीवाली पळताना पहिल्यांदाच बघतोय." पण त्या दिवसापासून सकाळचा चहा आणि मुलीचा डबा यांनी आपल्याकडे घेतला. बोलून मात्र दाखवलं नाही.

वर्षभराने राजोडीच्या किनाऱ्यावर स्पर्धा ठरली. मॅडमनी तिघींचा गट करायचं ठरवलं. "तुम्ही पोहा, मी सायकल चालवते, माझी मैत्रीण धावेल. मस्त जमेल."

मी तव्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, मला तिन्ही करायचंय."

मला अमुक हवं, असं मी त्या घरात कधी म्हटलं नव्हतं. तव्यावरची पोळी करपली. चौदा वर्षांत त्या घरातली माझी पहिली करपलेली पोळी. ती मॅडमनीच खाल्ली आणि म्हणाल्या, "मग फॉर्म तुमच्या नावाचा वेगळा भरू. गटासाठी मी दुसरी पोहणारी बघते."

साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणं, सगळं दोन तासांत. नाही जमलं तर निकालात नावापुढे 'अपूर्ण' असं येतं. मला तो शब्द नको होता. एक अपूर्ण माझ्याकडे चौथीपासून आहेच.

त्या सकाळी ओहोटी लागली होती. शिट्टी वाजली तसे सगळे डोकं खाली घालून सरळ निघाले आणि पाण्याने त्यांना हळूहळू बाजूला नेलं. मी मधूनमधून डोकं वर काढत होते. पाण्याबरोबर थोडी गेले, मग वळले. बाहेर आले तेव्हा माझ्या मागे बऱ्याच जणांच्या टोप्या अजून पाण्यात दिसत होत्या.

आणि मग मी ती चूक केली.

सायकली लावल्या होत्या तिथे मी टॉवेलने अंग पुसलं. ओला टॉवेल तसाच टाकून जाववेना. तो पिळला, झटकला आणि लोखंडी कठड्यावर नीट वाळत घातला. शेजारी कोणाच्या तरी चपला विखुरल्या होत्या, त्या जोडीने लावल्या. कोणाचा तरी शर्ट मातीत पडला होता, त्याची घडी केली. हात आपोआप चालत होते.

"ओ बाई!" शिट्टीवाला ओरडला. "काय आवराआवर चाललीय? घड्याळ चालू आहे तुमचं!"

चार मिनिटं गेली होती.

सायकलवर मी बसलेच नाही म्हटलं तरी चालेल, बराच वेळ उभ्यानेच पेडल मारलं. केळीच्या वाड्यांमधून रस्ता, समोरून वारा. उड्डाणपूल आठवला की पायांना धीर यायचा. सायकल लावून धावायला लागले तेव्हा पाय माझे राहिलेच नव्हते. शेवटचा किलोमीटर उरला आणि दोरीच्या पलीकडून मॅडम ओरडल्या, "ताई, सात मिनिटं! फक्त सात!" त्यांच्या गटाचं कधीच आटोपलं होतं.

मला श्वास पुरेना. चालावंसं वाटलं. खरं तर दहाएक पावलं चाललेही. तेवढ्यात गर्दीतून ओळखीचा आवाज आला. सासूबाई पदर खोचून अगदी पुढे उभ्या होत्या, हे त्यांच्या मागे.

"अगं, चालतेस काय! दूध उतू चाललंय, पळ!"

लोक हसले. मलाही हसू आलं आणि हसताहसता पाय उचलले गेले. गॅसवरच्या दुधासाठी मी आयुष्यभर धावलेय, ते मला येतं.

दोन तास व्हायला दीड मिनिट असताना मी रेघ ओलांडली.

गळ्यात पदक घातलं तेव्हा मान खाली घालावी लागली, नंतर मी ती वर केली. सासूबाईंनी पदक पुढून मागून बघितलं आणि शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाल्या, "तिन्ही केलं हो. एकटीने." मग माझ्याकडे वळून, "पण मघाशी तिकडे काय करत होतीस इतका वेळ?"

"टॉवेल वाळत घालत होते."

हे इतके हसले की त्यांना वाळूत बसावं लागलं.

ही दोघं रिक्षाने गेली, मी सायकलनेच निघाले. पदक आधी ओढणीखाली घेतलं होतं, पुलाच्या अलीकडे ते बाहेर काढलं. पूल चढले, सायकलवरून उतरले नाही. टोपलीत टॉवेल होता. उन्हात चांगला कडक वाळला होता.