एका दिवसाचा नियम

मला राग लवकर येतो. घरचे हे तोंडावर सांगतात, कारखान्यातले सांगत नाहीत, एवढाच फरक.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत मी कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि माझं टेबल. कंपनीनं कामगारांना दिलेल्या फोनवर कुठले नियम लावायचे, तेही माझ्याकडंच. पासवर्ड पाहिजे, अपडेट पाहिजे, आणि सात दिवसांतून एकदा तरी फोननं आमच्या सर्व्हरला हजेरी द्यायला पाहिजे. नियम मोडला की कंपनीचं ॲप आपोआप बंद पडतं, म्हणजे कामापुरता फोनच बंद.

लोडिंगला एक मामा आहेत. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला. आठवडाभर कागलात बहिणीकडं राहायचे, सोमवारच्या सुट्टीला घरी जायचे. माल गाडीत चढला की फोननं स्कॅन करायचा, मगच गाडी गेटबाहेर सोडायची, हे त्यांचं काम. एका मंगळवारी सकाळी त्यांचा फोन बंद. पुढच्या मंगळवारी पुन्हा बंद. दुपारपर्यंत आपला आपण सुरू व्हायचा, पण तोवर गाड्यांची रांग लागलेली असायची.

"सुट्टीत फोन बंद करून ठेवताय काय?" मी विचारलं.

"न्हाय वो साहेब. आमच्याकडं रेंजच न्हाय."

मला ते निमित्त वाटलं. तिसऱ्या मंगळवारी माझं डोकंच फिरलं. ड्रायव्हर, हमाल सगळे उभे होते आणि त्यांच्यासमोर मी माझ्या वडलांच्या वयाच्या माणसाला म्हणालो, "दरवेळी तुमचाच फोन बरा बंद पडतोय? बाकीचे काय येडे हाईत? पुढच्या मंगळवारी बंद दिसला तर मॅनेजरला सांगून तुमचं स्कॅनिंग काढून घेतो आणि भंगाराच्या शेडमध्ये बसवतो." मामांनी फोन शर्टाला पुसून खिशात घातला.

त्यानंतर फोन एकदाही बंद पडला नाही. कॅन्टीनमध्ये मी दोन-तीनदा बढाई मारली, की दम दिल्याशिवाय आपल्याकडं कोण ऐकत नाही.

दोनेक महिन्यांनी हेड ऑफिसनं ऑडिटसाठी सगळ्या नियमांची यादी मागितली. वेबसाईटवर एकेक नियम उघडत बसायचं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून मी काळी खिडकी उघडली, एका ओळीची कमांड टाकली आणि सगळे नियम एका दमात खाली ओतले गेले. प्रत्येकापुढं त्यात भरलेला आकडा, आणि तो शेवटचा कधी बदलला ती तारीख. वाचत वाचत हजेरीच्या नियमाशी आलो. सातच्या जागी एक होता.

मी कमांड पुन्हा चालवली. एकच होता. तारीख बघितली. मामांचा फोन पहिल्यांदा बंद पडला, त्याच्या आदल्या शुक्रवारची. त्या शुक्रवारी एका जुन्या फोनवर नियमाची चाचणी घेत होतो. आठवडाभर कोण थांबणार, म्हणून सातचा एक केला. दुसऱ्या दिवशी बायकोला नृसिंहवाडीला न्यायचं होतं, त्या गडबडीत तो तसाच ठेवून उठलो. परत सात करायचा राहूनच गेला. बाकी सगळ्यांची घरं रेंजमध्ये, त्यांना काही कळलंच नाही. रविवारी संध्याकाळी रेंजबाहेर जाऊन मंगळवारी परतणारे एकटे मामा होते. माणूस खरं सांगत होता, आणि मी त्याला चारचौघांत झापलं होतं.

एकाचा सात करायला अर्धं मिनिट लागलं. मग एक गोष्ट डोक्यात आली. नियम आत्तापर्यंत एक दिवसाचाच होता. मग मामांचा फोन दोन महिने चालला कसा?

लोडिंगवर गेलो. मामांना गाडीमागं बाजूला घेतलं आणि म्हणालो, "मामा, तुमच्या फोनचं... सिस्टिममध्ये जरा चूक होती." माझी चूक होती, असं म्हणायला तोंड उघडेना. झापताना कसं भडाभडा उघडलं होतं.

"मिशनच हाय, चुकायचं की," मामा म्हणाले.

"पण मग मधे बंद कसा पडला न्हाई?"

"घरलाच गेलो न्हाय न्हवं. हितं बहिणीकडंच ऱ्हायलो. हितं रेंज हाय."

"दोन महिने?"

"व्हय. काम गेलं असतं की." मग म्हणाले, "म्हातारी आई आतरुणात हाय. सोमवारी तिला उचलून न्हाणीत न्यायचं काम माझं. बायकोला एकटीला उचलत न्हाय. ती बिचारी ओल्या फडक्यानं पुसून घेतीया."

मला त्यांच्याकडं बघवेना. ते रागावले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तरी बरं वाटलं असतं. मामांनी खिशातनं फोन काढला, माझ्यापुढं धरला आणि खालच्या आवाजात विचारलं, "मग साहेब, ह्या सोमवारी जाऊ न्हवं घरला?"

आणि मी, परवानगी दिल्यासारखी मान हलवली.