बिनदिव्याची आरती

आमच्या आरतीकाकूंनी तोंड उघडलं की चौबे कॉलोनीतली कुत्रीसुद्धा गल्ली बदलत, इतका त्यांचा आवाज बेसूर होता. शेजारी एकट्या राहायच्या, मुलगा बंगळुरूला. म्हणून रोज संध्याकाळी सातला आमच्या देवघरासमोर उभं राहून आमचीच आरती त्या चालवायच्या. मी देव मानत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "देव तुले मानते ना? मंग टाळ्या वाजव," एवढ्यावर त्यांनी तो विषय मिटवला होता.

त्यांचा एक हट्ट मला असह्य व्हायचा. घरातला एकही माणूस कमी असला तर आरती सुरू करायची नाही. बाबा न्हाणीघरात, आई फोनवर, मी मुद्दाम मोबाइलमध्ये डोकं खुपसून, आणि काकू तबक घेऊन खांबासारख्या उभ्या. "देवाले घाई नाही. सगळे येऊ द्या." भूक आम्हाला लागलेली असे, देवाला नव्हे.

मग नितीनचं, माझ्या धाकट्या भावाचं, ते प्रकरण झालं. तो कामाला होता त्या सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीतलं वितळलेलं लोखंड उसळलं आणि त्याच्या शेजारी उभा असलेला सोबती त्याच्या डोळ्यांदेखत जळून गेला. नितीनला खरचटलंही नाही. पण घरात गॅस पेटला की तो उठून जाई.

नातेवाइकांच्या शहाणपणाला ऊत आला. आत्याने ताईत पाठवला. मामा त्याला एका शिबिराला घेऊन गेले. तिथल्या गुरुजींनी सांगितलं, ही देवाची योजना आहे, हसतमुखाने स्वीकारा. लोकांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. काकूंनी मामांना शांतपणे विचारलं, "भट्टीपाशी माणसं उभी कराची योजना देवाची होती का मालकाची?" मामा चहा न घेता गेले. त्या दिवशी मला काकू पहिल्यांदा आवडल्या.

त्याच संध्याकाळी नितीनने खोलीचं दार लावून घेतलं. आतून आमच्या इकडच्या हिंदीत म्हणाला, "आप शुरू करो न काकू, मैं नहीं आऊँगा." मला वाटलं, आता ह्या दार बडवणार, नाहीतर दृष्ट काढणार. निरांजनाला आम्हाला कधीही फुंकर मारू न देणाऱ्या काकूंनी सरळ फुंकर मारली. "ये बाबू. दिवा नाही आता."

आई हादरली. "अहो, बिनदिव्याची आरती?"

"काहून? देवाले अंधारात दिसत नाही का? दिवा नसला तं चालते. पोट्टा नसला तं नाही चालत."

नितीन बाहेर आला, भिंतीला टेकून उभा राहिला. पुढे दोन वर्षं तबकात नुसती फुलं फिरली. आरतीआधी काकू विचारायच्या, "डॉक्टरची गोळी घेतली का?" येणारे-जाणारे नाकं मुरडायचे. मुरडोत बापडे.

या हिवाळ्यात काकू गेल्या. माणूस जिथे जातो तिथे दहा दिवस दिवा तेवत ठेवतात. त्यांचा मुलगा बंगळुरूहून आला, पण दिव्यात तेल कोणतं घालायचं हे माझ्या आईला विचारत बसला. नितीनने त्याच्या हातातली काडेपेटी घेतली. दोन काड्या मोडल्या, तिसरी पेटली. ती त्याने वातीला लावली. मग तो तिथेच मांडी घालून बसला.

मी अजूनही देव मानत नाही. तरी ते दहाही दिवस सातच्या ठोक्याला मी त्या दिव्यापाशी हजर होते. एक माणूस कमी पडायला नको होता.