अर्धा टक्का

माझे भावोजी नंदकुमार यांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात बत्तीस वर्षं पत्रा घेतला आणि विकला. घ्यायचा भाव वेगळा, विकायचा वेगळा आणि मधल्या फरकावर घर चालतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बजेटच्या दिवशी तर ते हा फरक तिप्पट करून बसत. "ज्याला घाई असेल तो देईल," म्हणत मिशीत हसत. मला तेव्हा ते फार हुशार वाटायचे.

गाळा विकून ते कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये घरी बसले, आणि घरी बसणं त्यांना काही जमलं नाही. त्यात माझ्या बहिणीचे, नमिताताईचे, दोन्ही गुडघे गेलेले. लिफ्ट बंद असली की ती खाली सोसायटीच्या बाकावर तास तास बसून राहते, पण मला वर न्या असं कुणाला म्हणत नाही. ऑपरेशनसाठी सहा लाख बाजूला काढले होते, दिवाळीनंतरची तारीखही मिळाली होती. मग डॉक्टरांनी सांगितलं, बसवायचे सांधे दोन प्रकारचे येतात. भारीतले हवे तर दीड लाख जास्त. भावोजी म्हणाले, "भारीतलेच घालू." नुसतं म्हणून थांबले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी सहाही लाख फोनवरच्या एका परदेशी ॲपमध्ये टाकले. ते ॲप आपल्या पैशांच्या शंभर पट मोठा सौदा करू देतं. लिव्हरेज म्हणतात त्याला. सहा लाखांवर जवळजवळ सहा कोटींचं सोनं. मला आधी कळलं असतं तर मी फोन हिसकावून घेतला असता. सोनं पडणार अशी त्यांची खात्री, म्हणून त्यांनी हातात नसलेलं सोनं आधी विकलं. पडलं की स्वस्तात परत घ्यायचं. बाजारात हे त्यांनी हजारदा केलेलं. भाव उलटा चढलाच, तर ठरल्या आकड्याला आपोआप परत घे आणि सौदा संपव, अशी स्टॉप लॉसची ऑर्डरही लावून ठेवली. भावोजींच्या लेखी तो समोरच्याने दिलेला शब्द होता.

शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेचे कसले तरी आकडे आले. स्क्रीनवरचा भाव थोडा चढला, त्यांनी लावलेल्या आकड्याच्या खालीच थांबला आणि मग ते म्हणत होते तसा पडत गेला. पण सौदा तोवर संपला होता. तीन लाख गेले होते.

शनिवारी सकाळी मी गेलो, तेव्हा त्यांच्या समोरच्या चहावर साय धरली होती. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं ते सांगत होते.

"सुधीर, स्क्रीनवर दिसतो तो विकायचा भाव. मला परत घ्यायचं होतं, म्हणजे माझी ऑर्डर त्याहून चढ्या, घ्यायच्या भावावर चालणार. एरवी दोघांत नावाला फरक असतो. आकडे आले तेव्हा ॲपवाल्यांनी तो ताणला. अर्ध्या टक्क्यानं महाग पडलं, बास. सहा कोटींचा अर्धा टक्का."

"तक्रार केली?"

"केली ना. चॅटवर उत्तर आलं, बाजार अस्थिर होता. कळंबोलीत असता तर गाळ्यावर जाऊन बसलो असतो, सोक्षमोक्ष लागेपर्यंत उठलो नसतो. इथे बसायचं कुठे?" मग म्हणाले, "मी पण हेच करायचो. बजेटला."

मला चिडायचं होतं. येताना रिक्षात चार वाक्यं तयार केली होती. त्याऐवजी मी चहावरची साय चमच्यानं काढली आणि कप त्यांच्या पुढे सरकवला.

ताई भिंत धरत बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

"किती राहिले?"

"तीन."

"मग एकच करू," ती म्हणाली. भाजी अर्धा किलोच घेऊ म्हणावं, तसं. "आणि साधाच घाला."

भावोजींनी सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. झोपेतून उठवून विचारलं तरी कुठल्या पत्र्याचा काय भाव हे सांगणारा हा माणूस. पण तिच्या पायांकडे बघत त्याला विचारावं लागलं, "कुठला जास्त दुखतो?"

"डावा," ताई म्हणाली. "सहा वर्षं झाली."

मलाही माहीत नव्हतं.