उजवीकडून सरकणारा फॉर्म

साधा फॉर्म पानावरच ठेवू या, असं मी तीनदा सांगितलं. पण आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीकाकांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. "सुनेच्या बँकेच्या ॲपमध्ये असतं तसं हवं. बोट लावलं की उजवीकडून सर्रकन आलं पाहिजे, अगदी वरपासून खालपर्यंत. एकदम बढिया दिसतं!" संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला, काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकाला जाते. जागा चाळीस. यंदा नावं फोनवर घ्यायची नाहीत, वेबसाइटवर घ्यायची, असं ठरलं. करायचं कोणी? अर्थात मी. नोएडात आयटीत नोकरी करते ना, म्हणजे मंडळाची घरचीच बिगारी.

हो म्हटलं ते बाबांसाठी. सेंट्रल गव्हर्नमेंटमधून रिटायर झाल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, त्याला चार वर्षं झाली आणि चारही संक्रांती हुकल्या. कधी माझं ऑफिस आडवं आलं, कधी त्यांचा गुडघा. त्यांच्या सेक्शनमधला एकच मित्र आता दिल्लीच्या आसपास उरलाय, फरीदाबादचे काका. त्यांनाही मुलगा मार्चमध्ये कायमचं पुण्याला नेणार होता. दोघांनी यंदा बसमध्ये शेजारी बसून जायचं, असं दिवाळीपासून घोकणं चाललं होतं. बाबांनी कानटोपीसुद्धा नवी घेतली.

फॉर्मच्या त्या सरकत्या पॅनलनं माझे दोन रविवार खाल्ले. तो सरकायला लागला की मागचं पानही हलायचं. ते थांबवलं, तर आतल्या मजकुराच्या कडेला स्क्रोलची घाणेरडी पट्टी दिसायची. वर सेक्रेटरीकाकांचे फोन होतेच. "जरा हळू सरकू दे गं." केलं. "आता फारच रेंगाळतोय." अरे देवा! शेवटी वैतागून मी आतलं स्क्रोलिंगच बंद करून टाकलं. माझ्या फोनवर नाव, वय, बसमध्ये कुठून चढणार आणि खालचं 'नाव नोंदवा' हे बटण, सगळं एका नजरेत मावत होतं. मग स्क्रोल हवाय कशाला? मंडळाच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला आणि मीही जरा फुशारले, खोटं कशाला बोलू.

बस निघायच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर यादी आली. बाबांचं नाव नव्हतं. मी वरून खाली दोनदा वाचली. फरीदाबादचे काका होते, त्यांच्या पुढे कोणीतरी भलतंच होतं.

"बाबा, फॉर्म भरला होतात ना?"

"भरला की! पहिल्याच दिवशी."

त्यांचा फोन हातात घेतला आणि फॉर्म उघडला. दिसत नाही म्हणून त्यांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली. त्या मोठ्या अक्षरांनी फॉर्म इतका लांबला होता की बटण पडद्याच्या खाली गेलं होतं, आणि खाली सरकायची वाट मीच बंद केलेली. बाबांनी सगळं भरलं, बटण दिसेना, बाजूला बोट लागलं आणि पॅनल आला तसा झोकात निघून गेला. त्यांना वाटलं, पोचला.

सेक्रेटरीकाकांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "हां, बटण दिसत नाही म्हणून पाच-सहा जणांचे फोन आले होते. मी हातानं टाकली त्यांची नावं."

"अहो, मग मला सांगायचं ना!"

"तू बिझी असतेस. म्हटलं कशाला त्रास द्या. आता जागा नाही गं, आणि ड्रायव्हर जादा माणूस घेत नाही."

मी फोन आपटला. बाबांना म्हटलं, उद्या मी रजा टाकते, आपण गाडीनं जाऊ. ते मान हलवत राहिले. "तिथे नुसतं जाऊन उभं राहायचं नव्हतं गं. जाता-येता गप्पा मारायच्या होत्या. तो एकदा पुण्याला गेला की संपलंच."

मग माझा तोल सुटला. राग स्वतःवरचा होता, निघाला त्यांच्यावर. "सगळ्यांनी फोन करून विचारलं! आणि तुम्ही? एका घरात राहतो आपण, मला एकदा विचारता येत नव्हतं?"

"विचारलं होतं," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "बटण कुठंय, म्हणून. तू लॅपटॉपवरून मानही वर केली नाहीस. म्हणालीस, 'बाबा, लहान मूलसुद्धा भरेल इतकं सोपं केलंय.' मग परत कसं विचारणार?"