अठरा वर्षांची कॉलर

शेहेचाळिशी गाठली तरी गल्लीत त्याला धाकटाच म्हणत. थोरला भाऊ तो दादा, म्हणून हा धाकटा. बाप शिंपी. बापाचं दुकान खाली, राहायच्या खोल्या वर, आणि मधला जिना इतका अरुंद की परदेशातून आणलेल्या चार बॅगा एकेक करून, तिरक्या धरून वर चढवाव्या लागल्या. मागोमाग बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. दादा जिन्याच्या तोंडाशी उभा राहून येईल त्याच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवत होता. मुलीला वाटलं, काका लाड करतायत. बायकोला तेव्हाच कळलं, हा माणूस हातांनी बघतोय.

दादाला काचबिंदू होता. डावा डोळा संपलेला, उजव्यात नळीतून दिसावं तेवढं समोरचं थोडं उरलेलं. तरी कटिंग तोच करायचा. जाड खडूने रेघ ओढायची, नाक कापडाला टेकेल इतकं वाकायचं आणि कात्री चालवायची. काज-बटण करणारी बटणमावशी बापाच्या वेळेपासून दुकानात होती. ती वहीतली मापं मोठ्याने वाचून दाखवायची आणि अधूनमधून ओरडायची, "अहो, रेघ सुटली, डावीकडे घ्या!"

"आता तुझं ओरडणं बंद," दादा तिला म्हणाला. "आमचा कटिंग मास्तर आलाय. अठरा वर्षं तिकडचे कोट कापलेत त्याने. मी आपला दारात बसून चहा पिणार."

"बसा. आयुष्यात पहिल्यांदा सुखाने बसलेले दिसाल."

धाकटा हसला. बायको हसली नाही.

गेला तेव्हा तो कटर होता, यात खोटं काही नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याची कात्री अशी चालायची की बाप हातातलं काम टाकून बघत राहायचा. तिकडचं काम कटिंगचं म्हणूनच एजंटाने त्याला नेलं होतं. पोचला तो गणवेशांच्या कारखान्यात. एका छपराखाली तीनशे मशीनं. कापायचं काम यंत्र करायचं, शंभर थर एका दमात. ह्याला बसवलं कॉलरला. टोकं शिव, उलट, दाब, पुढे सरकव. दिवसाला सहाशे. बाही दुसऱ्या रांगेत, खिसा तिसऱ्या. अख्खा शर्ट कसा दिसतो हे बघायचं तर लोकांच्या अंगावर बघायचं.

पहिल्या महिन्यात दादाने फोनवर विचारलं, "कटिंगलाच ना रे?"

"हो, कटिंगलाच."

मागे फोनसाठी रांग होती, तेवढ्यापुरतं बोलून गेला. नंतर खरं सांगायला वेळ भरपूर मिळाला, पण हिंमत दर वर्षी कमीच होत गेली. तिसऱ्या वर्षी बायको तिकडे गेली, मुलं तिथेच झाली. ती दर वेळी म्हणायची, "अहो, सांगून टाका ना दादांना. चोरी केलीय का तुम्ही?"

तीन वर्षांपूर्वी दादाने पहिल्यांदा हाक मारली. "डोळ्यांचं काही खरं नाही बाबा. दुकान सांभाळायला ये." धाकटा म्हणाला, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मुलीची शाळा आडवी आली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. खरं कारण एकच, कात्रीची भीती. शेवटी दादा म्हणाला, "आता रेघ दिसत नाही." मग मात्र बॅगा भराव्या लागल्या.

"कापता येईल ना?" बायकोने विमानात विचारलं.

"सायकल विसरतं का कोणी?"

आल्यावर पहिले दोन आठवडे त्याने कात्रीला हात लावला नाही. दुकानातल्या ट्यूबा बदलल्या, मशीनना तेल घातलं, वर्षानुवर्षांच्या चिंध्या काढल्या, इस्त्रीची वायर नवी घातली. शिवायला बसला तो कॉलरी घेऊन. त्या मात्र अशा काढायचा की बटणमावशी टोकावर बोट ठेवून म्हणाली, "बोटाला लागेल की हो!" गिऱ्हाइकं खूश. दादा तर काय, आल्यागेल्याला कॉलर चाचपायला लावायचा.

मुलीला शाळेत घेतलं होतं. एका संध्याकाळी ती जिन्यावर बसून म्हणाली, "बाबा, आपण आता इथेच ना? का परत जायचंय? नक्की सांगा, मग मी मैत्रिणी करते."

"इथेच," तो म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात कंपाउंडर आला. दादाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. स्वतःच्या मुलीच्या लग्नात घालायच्या कोटासाठी त्याने अकरा वर्षं ट्रंकेत कापड जपून ठेवलं होतं. बारीक चौकडीचं, चौकडी एकाच बाजूला, असं आता बाजारात मिळत नाही. लग्न नऊ दिवसांवर. दादाने कापड चिमटीत धरलं, चोळलं, आणि टेबलावर धाकट्यापुढे ठेवलं.

"हे तू कापायचंस. मी ह्याला हात लावणार नाही."

"दादा, मी शिवतो, कापायचं तूच..."

"मला आंधळ्याला कापायला लावतोस? लोक हसतील तुला."

त्याने वर्तमानपत्रावर दोनदा कापून बघितलं. पाठ बरी आली, पुढचे भागही बरे आले. हाताला आठवतंय असं वाटून त्याला हुरूप आला. कापड जेमतेमच होतं, दुहेरी दुमडून दोन्ही बाह्या एकदम बसत नव्हत्या. तेव्हा त्याने एकेक बाही वेगळी कापली. अशा वेळी बाहीचा कागद एकदा सुलटा ठेवायचा आणि एकदा उलटा, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. पहिल्याच वर्षी शिंपी पोराला हे शिकवतो. पण कॉलरला डावं-उजवं नसतं. सहाशे कॉलरी, त्याही रोज, अठरा वर्षं. त्याने दोन्ही वेळा कागद सुलटाच ठेवला.

चौथ्या दिवशी बाह्या शिवून तयार झाल्या. "आण इकडे, बघू दे," दादा म्हणाला. त्याने एक बाही डाव्या हातात चढवली, कोपर वाकवून बघितलं. "झकास!" दुसरी उजव्या हातात चढवली. कोपर वाकवलं. मग काढली, आतून शिवण चाचपली, पुन्हा चढवली.

"ही डावीच आहे."

त्याने तो हात बटणमावशीपुढे धरला.

"मावशी, बघ गं. दोन्ही डाव्या आहेत का?"

बटणमावशीने बघितलं आणि सुई-दोरा खाली ठेवला. "हो."

"कापड किती उरलंय?"

"चिंधी."

दादाने ती बाही हातातून काढली नाही. मग शांतपणे विचारलं, "धाकट्या, तिकडं काय करायचास?"

"कॉलर."

"अजून?"

"फक्त कॉलर. पहिल्या दिवसापासून."

धाकट्याला वाटलं, आता शिव्या येतील. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. दादा खुदकन हसला आणि ते हसू अर्ध्यातच थांबलं.

"तीन वर्षांपूर्वी डॉक्टर ऑपरेशन करू म्हणाले होते. होता तेवढा डोळा टिकला असता. पण महिनाभर कात्री बंद. ऐन लग्नसराईत दुकानाला कुलूप कसं लावू? म्हटलं, धाकटा येतोच आहे पुढच्या वर्षी, तो आला की करू." त्याने बाही काढून नीट घडी केली. "मध्ये एक कटर आला होता कामाला. चांगल्या हाताचा. त्याला दोनदा परत पाठवला. म्हटलं, जागा भावाची आहे."

"दादा, तू ऑपरेशनचं बोलला नाहीस."

"तू कॉलरचं बोललास?"

धाकट्याची बायको जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि आवाज न करता वर निघून गेली.

कंपाउंडरकडे धाकटा एकटाच गेला. कापलेलं कापड त्याच्यासमोर ठेवून जसं झालं तसं सांगितलं. कंपाउंडर पाठीचा तुकडा हातात घेऊन उभा राहिला. "मी आपला जुना घालीन," तो म्हणाला. "पण दादांनी कापलं असतं ना, तर डोळे मिटूनही असं झालं नसतं." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं, आणि त्याने दार हळूच लावून घेतलं.

त्या कटरला बोलावणं गेलं. तिशीतला, गरजू, वागायला सभ्य. अर्ध्या भागीवर यायला तयार झाला. दादाने सगळं ठरवलं, धाकट्याला विचारलं नाही. वरच्या खोल्या मात्र काढून घेतल्या नाहीत. म्हणाला, "पोरांची शाळा आहे. राहा." त्यानंतर दोघा भावांचं बोलणं कामापुरतं उरलं. दवाखान्यात जायचं असलं तरी दादा धाकट्याच्या बायकोचा हात धरून जायचा.

नवा कटर पहिल्या दिवशी आला, बापाच्या टेबलापाशी उभा राहिला, टेप गळ्यात टाकली. धाकट्याचं मशीन दारालगत, टेबलाकडे पाठ करून ठेवलेलं.

"काका, तुम्ही तिकडे कुठल्या कामाला होतात?" कटरने सहज विचारलं.

दादा शेजारीच खुर्चीत होता. चहाचा कप त्याने तोंडापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला.

"कॉलरला," धाकटा म्हणाला. "दुसरं काही येत नाही मला. तुम्ही कापून द्याल तेवढ्या कॉलरी माझ्याकडे टाका, मास्तर."

दादाने चहा प्यायला. मागे कात्री सुरू झाली, लांब, एका दमात, मध्ये कुठे न अडखळता. दादाने मान त्या आवाजाकडे वळवली आणि कापड संपेपर्यंत ती तशीच ठेवली. धाकट्याने मशीनचं चाक फिरवलं आणि मान खाली घातली.