टॅबनं आमचंच घर काढलं

घरची परिस्थिती आणि मुलांचं मन यांचा एकमेकांशी संबंध काय, हे शोधणाऱ्या एका पाहणीसाठी मी चार महिने सोलापुरात दारोदार हिंडले. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "तुमची माहिती गुप्त राहील." सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉलमध्ये आम्हाला पाच दिवस शिकवलं होतं: मूल बोलत असेल तर मध्ये तोंड घालू नका, घाई करू नका, डोळ्यांत बघून ऐका. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. घरी आल्यावर लेक काही सांगायला लागली, की टॅबवरची नजर न काढता म्हणायचे, "उद्या सांग गं, आत्ता फॉर्म पाठवायचेत."

लोक धडधडीत खोटं सांगतात, ही माझी रोजची तक्रार.

मग एके दिवशी टॅबनं चिठ्ठ्या काढाव्यात तशी आमच्या गल्लीतली काही घरं काढली आणि त्यात आमचंही निघालं. स्वतःच्या घरी प्रश्न विचारायची परवानगी नव्हती, म्हणून माझी एक सहकारी आली. अक्कलकोटकडची, पन्नाशीची, कन्नड हेल काढून सावकाश मराठी बोलणारी बाई.

तिनं सुरुवातीलाच विचारलं, "मुलीची काळजी मुख्यतः कोण घेतं?"

"मी," मी म्हणाले.

"मी की," सासूबाईही त्याच क्षणी म्हणाल्या.

सहकारीनं माझ्याकडं बघायचं टाळलं. व्याख्या आम्हा दोघींना पाठ होती: कामाच्या दिवशी जागेपणी मुलाबरोबर जी व्यक्ती सगळ्यांत जास्त वेळ असते, ती. तिनं सासूबाईंचं नाव घातलं. मी 'घरातील इतर सदस्य' या यादीत गेले, पुण्याला कंपनीत असलेल्या आणि महिन्यातून दोनदा येणाऱ्या नवऱ्याच्या खाली.

उत्तरं देताना घरातल्या दुसऱ्या कुणी ऐकायचं नाही, असाही नियम होता. आमच्या दोनच खोल्या. मी आत जाऊन चटणीसाठी शेंगदाणे भाजायला घेतले आणि उलथन्याचा आवाज होणार नाही इतक्या हलक्या हातानं भाजत राहिले.

"आजी, घरात फ्रिज आहे?"

"न्हाय."

फ्रिज त्यांच्या पाठीमागंच घुरघुरत होता.

"मग हा?"

"त्यो मरायला टेकलाय. तुमी नगा लिवू बाई. रेशन कार्ड काडून घेत्यात."

सासूबाई मूळच्या करकंबच्या. कागद घेऊन दारात येणाऱ्या माणसाला खरं सांगू नये, हे त्या माहेराहूनच शिकून आल्या होत्या.

"गेल्या दोन आठवड्यांत नातीबद्दल कधी काळजी वाटली?"

"काळजी कशाची? सगळं ब्येस हाय."

मग लेकीची पाळी. ती नऊ वर्षांची. मुलांना आम्ही एक कार्ड दाखवायचो. त्यावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे असायचे. शाळेत कसं वाटतं? तिनं मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. घरी? मधला. मैत्रिणींबरोबर? मधलाच.

"बाळ, नीट बघून सांग की."

"बघितलं," लेक म्हणाली. "रडका दाखवला की अजून अकरा प्रश्न येतात. मधला आला की सुटलो, असं आई फोनवर म्हणत असते."

आत शेंगदाणे करपले. वास बाहेरच्या खोलीत गेला आणि मी ऐकत होते हेही सगळ्यांना कळलं.

सहकारीनं मधलाच चेहरा नोंदवून फॉर्म पूर्ण केला. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. चप्पल घालताना ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. माझा मुलगा तर मी दिसले की आधीच सांगतो, मी मजेत आहे."

मी परत आत आले आणि लेकीसमोर बसले. "शाळेत खरंच मधलं वाटतं?"

"आता अकरा प्रश्न विचारणार?"

"विचारते."

दोनच पुरले. तिची एकुलती एक मैत्रीण नातेपुत्याला राहायला गेली होती. तेव्हापासून, म्हणजे दोन महिने, ती मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर एकटी डबा खात होती. सांगताना ती रडली नाही, म्हणून मलाही रडता येईना.

मी सासूबाईंकडं वळले. "आत्या, तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय की. म्हून तर डब्यात दोन कडक भाकरी जादा घालती. कुणाला दिली, की मैत्री हुती."

"मग?"

"मग काय? चारी सोताच खाती."

"मला सांगितलं का नाही?"

"तू कुटं इचारलंस?" त्या म्हणाल्या आणि करपलेले दाणे निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून शाळेत गेले. बाईंनी कौतुक केलं, "इतकी शांत मुलगी, हिची कधीच तक्रार नसते." मी म्हटलं, "तीच तक्रार आहे." बाई जरा गोंधळल्या, पण त्यांनी तिची जागा बदलली. नव्या बाकावर शेजारी एक भरपूर बडबड करणारी मुलगी होती. तिच्या घरी टॉवेलचे माग आणि बोलणं तेलुगूत.

पाहणीच्या शेवटच्या बैठकीत आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी आमच्या वॉर्डाची माहिती सर्वांत स्वच्छ, बिनचुकीची आहे म्हणून आम्हाला उभं केलं. टाळ्या पडल्या. मी हात वर करून सांगितलं की मुलं प्रश्न टाळायला मधला चेहरा दाखवतात, आणि आम्हालाही तो आवडतो. "फार महत्त्वाचा मुद्दा आहे," सर म्हणाले. तेवढ्यात चहा आला.

ती बडबडी मुलगी आता रविवारी आमच्याकडं येते. लेक तिच्याशी माझ्यादेखत, तिच्याकडूनच शिकलेल्या तेलुगूत बोलते. मला एक अक्षर कळत नाही. सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत मान डोलावतात. लेक काय म्हणाली, असं मी विचारलं तर म्हणतात, "तिलाच इचार की."