खाली पाठवलेलं मशीन

लखनौला बदली झाली तेव्हा कंपनीने मला एक जीप दिली आणि एक मशीन. जीप ऊठसूट बंद पडायची. मशीन मात्र कशालाच बधायचं नाही. मशीन म्हणजे साइटवर न्यायचा दणकट लॅपटॉप. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे ते नवलच होतं. जाड धातूचं झाकण, उचलायला मूठ, धूळ जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकाला रबरी बूच. विकायला आलेल्या माणसाने ते साहेबांच्या टेबलावरून मुद्दाम पाडून दाखवलं, तर फरशीचाच टवका उडाला.

मलिहाबादच्या आंब्यांच्या बागांमधून विजेची नवी लाइन जायची होती. जुने खांब कुठे आहेत, कुठली झाडं आड येतात, हे जागेवर उभं राहून मशीनमध्ये भरायचं माझं काम. उन्हात त्याचा पडदा दिसत नसे. म्हणून मी डोक्यावरून गमछा ओढून आत तोंड खुपसून बसायचो. लांबून बघणाऱ्यांना वाटायचं, जुन्या काळचा फोटोग्राफर आलाय. एकदा गमछा बाजूला केला तर समोर अख्खं कुटुंब भांग पाडून उभं. हा कॅमेरा नाही, कॉम्प्युटर आहे, असं मी सांगितलं. त्यांच्यातले आजोबा म्हणाले, मग कॉम्प्युटरवाली तस्वीर काढा, आमची काही हरकत नाही.

त्या गमछ्याखाली मी मराठी बोलायचो. "चल रे बाबा, उघड लवकर," असलं काहीतरी मशीनशीच. दुसरं होतंच कोण? बायको आणि लेक साताऱ्यात. ओळखीचे एक मराठी बँकवाले होते, पण त्यांची वाक्यं मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायची, आणि त्यांची मुलं तर हिंदीतच उत्तरं द्यायची. आलमबागच्या खोलीवर परतल्यावर सब्जीवाल्या भैयाशी दोन शब्द व्हायचे, की त्या दिवसाचं बोलणं संपलं. मला फार एकटं वाटायचं. माणसं वाईट होती म्हणून नव्हे, उलट इतकी अदबीने बोलायची की चिडायचीही सोय नव्हती.

मलिहाबादचं काम पुरं करून दिलं की साहेब मला पुण्याच्या ऑफिसला सोडणार होते. जूनमध्ये लेकीची शाळा सुरू व्हायची होती. पहिल्या दिवशी तिला मीच सोडायला येणार, असा मी तिला शब्द दिला होता.

मोहोर गळून कैऱ्या धरल्या तेव्हा काम संपलं. आता मशीन शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंपनीच्या चिनहटच्या केंद्रावर न्यायचं, तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर सगळं उतरवून घ्यायचं, एवढंच राहिलं होतं. उतरवून झालं की मशीन पुसून पुढच्या टीमला द्यायची पद्धत होती. त्या पुसण्याला तिथे सगळे 'खाली करना' म्हणत. मीही म्हणायचो.

त्या सकाळी मी आधी एसटीडी बूथवर गेलो आणि बायकोला फोन करून सांगितलं की झालं, येतो. ती हसत होती. मागून लेक ओरडून विचारत होती की बाबा दप्तर कुठलं आणणार. पोटभर मराठी बोललो. आणि त्याच भरात, तोच फोन हातात धरून, ऑफिसला लावला. वर दुसऱ्या मजल्यावर मशीन सांभाळणारे बाबूजी होते. त्यांना म्हणालो, "मैं गेट पर आ रहा हूँ। मशीन खाली भिजवा देना।"

गेटवर पोचलो तेव्हा मशीन आलेलं होतं. वरून खाली. मी खुशीत चिनहटला गेलो, झाकण उघडलं, तर आत काही नव्हतं. सबंध मलिहाबाद गेलं होतं.

तणतणत परत आलो. बाबूजी उभे राहिले, त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. पुढची टीम चिनहटहूनच निघणार होती, त्यामुळे त्यांना वाटलं होतं की माझं उतरवून झालंय. मी आवाज चढवला तसे ते हळूच म्हणाले, "साहब, आप ही ने तो फ़रमाया था, खाली भिजवा देना।"

मला म्हणायचं होतं, नीचे. पुसलेलं परत मिळत नाही, असं दिल्लीच्या हेड ऑफिसकडून कळलं. तोवर लूचे गरम वारे सुरू झाले, मग आंबा उतरवायचा मोसम, मग पाऊस. बागा पुन्हा मोजायच्या त्या हिवाळ्यातच, असं साहेबांनी सांगितलं.

बायकोला सगळं खरं सांगितलं. बूथवरचा मीटर पळत होता. मग ती म्हणाली, "म्हणजे माझ्याशी बोललात म्हणून हे झालं?" मी नाही म्हणालो, पण ते तिला पटलं नाही. त्यानंतर फोन उचलला की आधी ती विचारायची, नंतर ऑफिसला फोन करायचाय का? करायचा असला तर खुशाली सांगून ठेवून द्यायची. जूनमध्ये लेकीला शाळेत आजोबांनी सोडलं.

दुसऱ्या हिवाळ्यात मी तेच खांब, तीच झाडं पुन्हा भरली. गमछ्याखाली आता बोलत नव्हतो.

पुढच्या उन्हाळ्यात घरी पोचलो. लेक उंच झाली होती, थोडी लाजत होती. मी तहानलो होतो. माझी बाटली हलवून पाहिली आणि तिला म्हणालो, "बेटा, बाटली खाली आहे."

ती लगेच गुडघ्यांवर बसली आणि कॉटखाली वाकून शोधू लागली. "खाली नाहीये, बाबा."

दारात उभ्या असलेल्या बायकोने तिला सांगितलं, "रिकामी म्हणायचंय त्यांना." आलेल्या पाहुण्याचं बोलणं मुलांना समजावून सांगावं, तसं सांगितलं तिने.